पोरीच आया झाल्यात, त्यांना लेकरू सांभाळायला शिकवायचं कसं? (बीडकडचा अनुभव, सल्ला हवाय)

गोदाकाठ

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. मी बीड जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, १४ वर्षं झाली. गाव ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव टोळ्यांबरोबर कारखान्याला जातं ते उन्हाळ्यात परत येतं. लग्नं लवकर का होतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मुकादम (टोळीचा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटं पोरगं म्हणजे अर्धा कोयता. वयात आलेली लेक म्हातारीजवळ मागं ठेवायची आईबापाला भीती आणि फडावर (तोडीच्या उसात) सोबत न्यायची त्याहून जास्त भीती, मग उरकून टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं, आमच्या बीडला तोच आकडा ४३.७.

लग्न थांबवायचं काम आम्ही करतोच, त्यावर आज बोलत नाही. मला विचारायचंय ते त्या पोरींबद्दल ज्यांचं लग्न थांबलं नाही आणि आता मांडीवर लेकरू आहे.

मी शनिवारी दुपारी अंगणवाडीतली मुलं घरी गेली की अशा पोरींना बोलवायला लागले. ७ जणी येतात. सगळ्यात धाकटी १६ पूर्ण, सगळ्यात थोरली १९. पहिले तीन शनिवार मी तक्ते लावले, चीक (बाळंतपणानंतरचं पहिलं दूध) पाजा, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, सहाव्या महिन्यानंतर वरचा आहार, लसीच्या तारखा, सगळं सांगितलं. त्या पदर डोक्यावर घेऊन खाली बघत बसायच्या, मी विचारलं कळलं का की सगळ्या एका सुरात "हो ताई". घरी जाऊन बघितलं तर बाळाला गूळपाणी चालू, घुटी चालू, कानात तेल चालू.

मग एक दिवस धाकटीच्या घरी गेले. तिचं बाळ तेव्हा सव्वा महिन्याचं. गल्लीतूनच रडणं ऐकू येत होतं. आत गेले तर लेकरू गोधडीवर आणि ही कोपऱ्यात कानावर हात दाबून बसलेली, सासू शेतात गेलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, रात्रीपासून गप्प बसना झालंय. मी हलवलं त्याला. लई जोरात हलवलं." आणि स्वतःच थरथर कापायला लागली. मी बाळाला घेतलं, तिला पाणी दिलं, आणि दोघांना त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. बाळ ठीक आहे, देवाची कृपा. पण मला रात्रभर झोप लागली नाही, कारण माझ्या एकाही तक्त्यावर हे नव्हतं की रडणं सहन होईना झालं तर आईनं करायचं काय.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. शिकवायचं नेमकं काय आणि कसं? आणि सासूला कसं सोबत घ्यायचं, कारण घरात चालतं ते तिचं.

रानफूल

ताई वाचून अंगावर काटा आला. तुम्ही रागावला नाहीत हे फार बरं केलंत. ती बोलली तुमच्याजवळ, तिथेच अर्धं काम झालंय.

बालदवाखाना

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच १९ वर्षं प्रॅक्टिस. हलवण्याबद्दल आधी बोलतो कारण ते जीवावर बेतू शकतं. तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान लुळी, गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, बाहेरून खरचटलेलंही दिसत नाही. हे प्रत्येक आईला सांगायलाच हवं आणि बापालाही. दुसरं, निरोगी बाळाचं रडणं पहिल्या काही आठवड्यात वाढत जातं, साधारण सहा आठवड्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं. ही तारीख त्या पोरीला माहीत असली तरी केवढा धीर येतो, नाहीतर तिला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय, माझं दूधच कमी पडतंय, आणि मग घरातले वरचं दूध चालू करतात.

क्रम असा सांगा: पाजून बघ, ढेकर काढ, लंगोट बघ, अंग गरम किंवा गार लागतंय का बघ, छातीशी धरून फिर. सगळं करूनही रडत असेल आणि तुझाच तोल जातोय असं वाटलं तर बाळाला गोधडीवर उताणं ठेव, दारापर्यंत जा, तोंडावर पाणी मार, शेजारणीला हाक मार, पाच-दहा मिनिटांनी परत ये. ठेवलेलं बाळ रडून मरत नाही, हलवलेलं मरू शकतं. असं स्पष्ट बोला, पोरी घाबरत नाहीत, उलट त्यांना मोकळं वाटतं.

आणि कधी थांबायचं नाही ते पण शिकवा. बाळ पीत नाहीये, सुस्त पडलंय, आकडी आली, ताप आहे किंवा अंग गार पडलंय, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहे, तर सासू-नवऱ्याची वाट न बघता १०८ ला फोन. श्वास मोजायला मोबाईलचं घड्याळ पुरतं, एकदा त्यांच्याच बाळांवर मोजून घ्या. ज्या पोरी दहावीपर्यंत शिकल्यात त्या हे आमच्या स्टाफइतकं चांगलं करतात.

वर्षाच्या आत मध अजिबात नको, काजळ नको, कानात-नाकात तेल नको. मालिश मात्र चालू राहू द्या, ती चांगलीच आहे. सगळंच बंद करा म्हटलं की सासू हातातून जाते.

निर्भीड

सगळे भावनेत वाहवत चाललेत म्हणून लिहितो. १६ वर्षांची मुलगी आई होते हा गुन्हा आहे. शिकवण्या कसल्या घेताय, आधी तक्रार करा. तुम्ही लोक हे नॉर्मल करताय.

गोदाकाठ

दादा, तुमचा राग कळतो, मलाही येतो. त्या मुलीची माहिती दवाखान्यातून पोलिसांपर्यंत गेलेली आहे, केस चालू आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. पण केस झाली म्हणून लेकरू रडायचं थांबत नाही. रात्री दोन वाजता ते तिच्याच मांडीवर असतं. आणि दुसरं सांगते, केसच्या धास्तीनं घरचे पोरीचं वय १९ सांगतात, आधार दाखवत नाहीत, दिवस गेलेले पाच-सहा महिने लपवतात. म्हणजे जिला तपासणीची सगळ्यात जास्त गरज तीच सगळ्यात उशिरा येते. त्यांनी माझ्या अंगणवाडीत पाऊल टाकावं म्हणून मी काय काय करते ते माझं मला ठाऊक.

वकीलबाई

कायद्याचं थोडं, कारण हे पोरींना कुणीच सांगत नाही आणि पालकत्व शिकवताना हेही यायला हवं.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अल्पवयात लग्न झालेली मुलगी ते लग्न रद्द करून मागू शकते, १८ पूर्ण झाल्यावर पुढची दोन वर्षं म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत. बऱ्याच जणींना वाटतं लग्न रद्द झालं तर लेकरू अनौरस ठरेल. तसं होत नाही, कायद्यातच लिहिलंय की अशा लग्नातलं मूल औरसच. पोटगीची आणि बाळाच्या ताब्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. रद्द करायचं की नाही हे तिनं ठरवावं, पण दार आहे हे तरी तिला कळू दे. गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि अडीअडचणीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

बाळाचा जन्मदाखला मात्र लगेच काढून घ्या. घाबरून लोक नोंदच करत नाहीत आणि मग लेकराची शाळेपासून सगळीकडे अडवणूक होते.

कोयत्याचं_पोर

मी झालो तेव्हा माझी आई १६ ची होती. मी आज पुण्यात आयटीआय करून नोकरीला आहे. ताईंनी लिहिलंय ते सगळं खरं आहे पण फडावरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पहाटे चारला टोळी निघते. थंडीत बाळाला झोळीत किंवा कोपीत (झोपडीत) ठेवून आई उसात शिरते, बाळ कुणाच्या भरवशावर तर चार-पाच वर्षांच्या भावंडाच्या, ते पण नसलं तर देवाच्या. माझ्या आईच्या अंगात दूध यायचं, पाजायला वेळ नसायचा, मुकादम ओरडायचा, ती रडत रडत मोळ्या बांधायची, हे तिनं मला स्वतः सांगितलंय. तिला कळत नव्हतं असं नाही, लेकराला भूक लागली हे कोणत्या आईला कळत नाही. तिच्या हातात काहीच नव्हतं. १६ वर्षांच्या सुनेला घरात दूध किती घ्यायचं ते पण विचारत नाहीत, बाळाला दवाखान्यात कधी न्यायचं हे ती ठरवणार कशी. म्हणून माझं म्हणणं, तुम्ही त्या पोरीला एकटीला शिकवून सोडून दिलं तर तिला फक्त एवढंच कळेल की आपण चुकीचं करतोय, आणि ते बदलायची ताकद तर नाहीच. त्यापेक्षा वाईट काही नाही.

आणि बापाला शिकवा. माझा बाप वाईट माणूस नव्हता. तो तेव्हा २० चा होता, लेकराला कसं धरायचं हे त्याला कुणी दाखवलंच नाही, म्हणून त्यानं मी चालायला लागेपर्यंत मला उचललं नाही. आज माझ्या पोरीला मांडीवर घेऊन तो तासन्‌तास बसतो आणि आईला म्हणतो, हे तेव्हा का कळलं नाही गं.

रानफूल

दादा, शेवटची ओळ वाचून डोळे भरले.

शुभदा_लेस्टर

मी मूळची नाशिकची, इंग्लंडमध्ये नर्स आहे, काही वर्षं किशोरवयीन आयांच्या घरी जाऊन काम केलंय. इथे २००७ पासून एक योजना आहे, १९ किंवा त्याखालच्या वयाच्या, पहिलटकरणी मुलींकडे एकच नर्स गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत घरी जात राहते. मूळ कल्पना अमेरिकेतली, न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली. प्रामाणिकपणे सांगते, २०१५ साली इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा बाळाचं वजन, सिगरेट सोडणं, दोन वर्षांत दुसरं गरोदरपण अशा मुख्य गोष्टींत फारसा फरक दिसला नाही, कारण इथे बाकीच्या सेवाही मुळात बऱ्या आहेत. तेव्हा इथलं उचलून तिथे ठेवा असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट इथे शिकले ती कुठेही चालेल. मुलीला सांगायच्या ऐवजी तिलाच विचारायचं, बाळ आत्ता काय करतंय? तुला काय दिसलं? आम्ही आई-बाळाचं दोन मिनिटांचं शूटिंग करतो आणि तिच्याबरोबर बसून बघतो, आणि जिथे बाळानं तिच्याकडे बघितलं, तिनं काही म्हटलं आणि बाळानं हुंकार दिला, तिथे थांबवतो. फक्त चांगलं झालेलं दाखवायचं, चुका दाखवायच्या नाहीत. ज्या मुलीला आयुष्यात कुणी "छान केलंस" म्हटलेलं नसतं ती तो तुकडा चारचारदा बघते. शूटिंग तिच्याच फोनवर करा, तुमच्याकडे ठेवू नका आणि कुठे टाकू तर मुळीच नका, वयाचा प्रश्न आहे.

निर्भीड

माझं आधीचं थोडं तिखट झालं. तक्रार व्हायला हवी हे मत कायम आहे, पण ताई तुमचं काम त्याच्या आड येत नाही हे पटलं.

अंगणातून

निवृत्त मुख्यसेविका. गोदाकाठ, तुमचे तक्ते का चालले नाहीत ते सांगते. तुम्ही त्यांना बोलावून शाळेसारखं बसवलंत. या पोरी आत्ता दोन-तीन वर्षांपूर्वी शाळेतून काढलेल्या, त्यांना ते दुखतं. अंगणवाडी हा शब्दच बघा, ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम करताना बघितलं की वाडीवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तुम्हीही एखाद्या सासूच्या अंगणात बसा, तिच्याच चुलीवर खिमट शिजवा. सासूला समोर बसवून तू चुकतेस म्हणायचं नाही. तिला विचारायचं, आत्याबाई तुमची किती लेकरं, किती राहिली, पहिलं कसं गेलं. मी कितीतरी घरांत हे विचारलंय आणि प्रत्येक वेळी म्हातारी रडलीये. गेलेल्या लेकराचं बोलून झालं की मग ती ऐकते.

गडचिरोलीचं उदाहरण आहेच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, त्या घरी जाऊन नवजात बाळ बघायच्या, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तीच पद्धत पुढे २०११ पासून देशभर आशांकडे आली, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी भेट. तुमच्या आशाताईच्या त्याच भेटींना तुम्ही सोबत जा, वेगळं काही उभं करायची गरज नाही. आणि त्या भेटीत आईचंही बघा, बाळाचं वजन झालं की सगळे उठतात. ती झोपते का, जेवते का, बाळाकडे बघवत नाही असं म्हणते का. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या कार्डावर लिहून ठेवा.

पाळणा लांबवायचं पण तेव्हाच बोला, अंतरा इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं, तीन महिन्यातून एकदा, सरकारी दवाखान्यात फुकट. १८ व्या वर्षी दुसरं लेकरू कडेवर आलं की पहिल्याचं शिकलेलं सगळं वाहून जातं.

गोदाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. अडीच महिन्यांनी लिहितेय, काय काय झालं ते सांगते.

तक्ते गुंडाळून ठेवले. मुख्यसेविका बाईंनी सांगितलं तसं एकीच्या सासूच्या अंगणात बसलो, लिंबाखाली. पहिल्याच दिवशी मी येताना गजगे (सागरगोटे) घेऊन गेले, सहज. एकीनं उचलले, मग दुसरी सरसावली, आणि पदर खोचून सगळ्या खेळायला लागल्या, मी त्यांना एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात एक जण म्हणाली, आत्याबाई बघा की, ह्याची मान कशी फिरतीये गजग्याबरोबर. चार महिन्यांचं बाळ गजगा वर गेला की वर बघायचं, खाली आला की खाली. मग सगळ्यांनी आपापल्या लेकरापुढे करून बघितलं. कुणाचं बघतंय, कुणाचं हात पुढे करतंय, सहा आठवड्याचं अजून हलणाऱ्या वस्तूपेक्षा आईच्या तोंडाकडेच बघतंय. त्यातूनच निघालं की बाळ आधी चेहरा ओळखतं, म्हणून त्याच्याशी बोलायचं असतं. माझ्या तक्त्यावर "बाळाशी संवाद साधा" असं लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी लागला. (गजगे बाळाच्या हाती लागू दिले नाहीत, तोंडात घालतात, ते पण त्याच ओघात सांगून झालं.)

शुभदाताईंचं शूटिंगचं केलं. धाकटीच्या घरी, तिच्या नवऱ्याच्या फोनवर. ती पदराआडून बाळाला भॉक करत होती आणि बाळ तोंडभर हसलं. तिनं बघितलं, परत लावायला सांगितलं, परत बघितलं, आणि म्हणाली, "हे मला बघून हसतंय व्हय?" मी म्हटलं, तुलाच बघून. नवरा मागं उभा राहून बघत होता. तो १९-२० चाच आहे. मग मी बाळ त्याच्या हातात दिलं, एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली. खांदे कानापर्यंत नेऊन उभा होता, पण त्यानं धरलं. कोयत्याच्या_पोरा, तुझी आठवण आली.

रडण्याचं सगळ्यांना सांगितलं आणि सासवांसमोर सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, आम्ही पण ठेवून जायचो की न्हाणीत रडायला, पण कुणाला बोलायची सोय नव्हती. त्या दिवसापासून ठरलंय, शेजारपाजारच्या दोन घरांची जोडी, बाळ आवरेना झालं की दुसऱ्या घरात हाक मारायची, कोण काय म्हणेल बघायचं नाही.

सगळंच जमलं नाही. घुटी दोन घरांत अजून चालू आहे. एक मुलगी यायची बंद झाली, तिला माहेरी पाठवलंय म्हणतात, मी तिथल्या सेविकेला कळवलंय. १९ ची जी आहे तिला दहावी करायचीये, १७ नंबरच्या फॉर्मचं (बाहेरून परीक्षेला बसायचा) मी शाळेत विचारून आले, सासरे अजून हो म्हणत नाहीत.

आता पुढची अडचण. सातपैकी चार पोरी दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणार, धाकटी पण. तिचं बाळ तेव्हा सहाव्या महिन्यात असेल, म्हणजे नेमकं वरचं अन्न चालू करायच्या वेळेला ती फडावर. मी चौघींना तांदूळ आणि मूगडाळ भाजून, दळून, मीठ न घालता डब्यात भरून देणार आहे, गरम पाण्यात शिजवलं की खिमट होतं, सोबत ओआरएसच्या पुड्या. लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून नवऱ्याच्या हातात देणार, तिच्या नाही, म्हणजे जबाबदारी त्याच्यावर पण येईल. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपमध्ये स्थलांतराची नोंद करता येते ती करतेय, पण तिथल्या सेविकेशी बोलणं झालेलं बरं.

टोळ्या यंदा कोल्हापूर आणि सांगलीकडे जातायत. तिकडचं कुणी इथे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कारखान्याजवळच्या गावांतल्या कुणा सेविकेची किंवा आशाताईची ओळख करून द्या.

पंचगंगा

ताई, मी शिरोळ तालुक्यात आशा आहे. आमच्या शिवारात दरवर्षी बीडच्या कोप्या पडतात. व्यनि केलाय, पोरींच्या टोळीच्या मुकादमाचं गाव कळवा, मी कोप्यांवर जाऊन गाठते त्यांना.

गोदाकाठ

मिळाला व्यनि. संध्याकाळी फोन करते. धाकटीला आत्ताच जाऊन सांगितलं की तिकडे एक ताई येईल, तर तिनं पहिलं विचारलं, त्या ताईला आमचा भॉकचा व्हिडिओ दाखवू का.